टर्फ धुवायला गेलंय

३ फेब्रुवारी
...तर मुद्दा असा, की खुर्चीवरून माणसाची किंमत ठरत नाही. माझ्या खुर्चीला एक हात नाही आणि जरा मागे टेकलं की ती हळूच आडवी होते, पण समोरच्या टेबलावर पाटी आहे: इंटिग्रिटी ऑफिसर. पितळी अक्षरं. देशाच्या अख्ख्या फुटबॉल फेडरेशनमध्ये प्रामाणिकपणाची जबाबदारी एकाच माणसावर आहे आणि तो मी आहे. बाकी कुणावर ती नाही. हे वाक्य परत वाचून पाहिलं. बरोबर आहे.

मुलाखत कडक झाली. प्रेसिडेंट स्वतः बसले होते. पहिलाच प्रश्न, ताई कशी आहे? मी म्हटलं, आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. दुसरा प्रश्न, कधीपासून येतोस? प्रेसिडेंट माझे सख्खे मामा आहेत हा निव्वळ योगायोग. स्पोर्ट्स इंटिग्रिटीच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून नेलं होतं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एवढा विश्वास आजकाल कोण टाकतं?

संकल्प: रोज डायरी. आणि मराठीत. ऑफिसात इंग्लिश सगळ्यांना येतं, आणि माझं मराठी अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने याहून सेफ काही नाही.

५ फेब्रुवारी
जागतिक फेडरेशनला आमच्याकडे नुसतं 'वरचे' म्हणतात. वरच्यांनी कळवलंय, वरच्यांना चालेल का, वरचे बघतील. आधी मला वाटलं सगळे फार धार्मिक आहेत.

वरचे सडलेले आहेत हे मला कॉलेजपासून माहीत आहे. वर्ल्ड कप कुठे होणार, टीव्हीचे हक्क कुणाला, सगळं हॉटेलच्या लॉबीत ठरतं. पण यात एक गंमत आहे. वरच्यांच्या निवडणुकीत प्रत्येक देशाला एकच मत. वर्ल्ड कप जिंकणाऱ्याला एक, आणि रँकिंगमध्ये ज्यांना शोधायला खालपर्यंत स्क्रोल करावं लागतं त्या आम्हालाही एक. म्हणजे जगाचं फुटबॉल आमच्या ऑफिसातून साफ करता येईल. आतून.

अकौंटंट काकांना हा प्लॅन सांगितला. ते म्हणाले, आत जायचं दार मामांच्या केबिनमधून आहे, ठोठावून जा. काका जरा जुन्या वळणाचे आहेत.

९ फेब्रुवारी
मोठी बातमी. धाकटी बहीण नॅशनल टीममध्ये! गोलकीपर. टीममध्ये तिला 'भिंत' म्हणतात, आता घरीही तेच झालंय. आईला नाव पसंत नाही, पण भिंतीशी बोलून उपयोग नसतो हे खरंय असं ती म्हणाली.

भिंतीची पहिली इंटरनॅशनल मॅच २० जूनला. क्वालिफायर, आणि आपल्याच मैदानावर. आपलं मैदान म्हणजे ऑफिसच्या मागची ती जागा, जिथे गवत औषधालाही नाही आणि दगड हवे तेवढे. भिंत डाइव्ह मारून घरी येते तेव्हा कोपरं बघवत नाहीत. कोच मॅडमनी वरच्यांचा नियम दाखवला: मैदान मंजूर झालेलं नसेल तर मॅच होणारच नाही. समोरची टीम जिंकली असं धरतील आणि आपण स्पर्धेच्या बाहेर. परत चान्स चार वर्षांनी.

जेवताना भिंतीने कोपर टेबलावरून उचलून मांडीवर ठेवलं. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो की मैदान तुला मी देतो, शब्द आहे. आई म्हणाली, आधी बाथरूमचा बल्ब दे, महिना झाला.

१४ फेब्रुवारी
इतिहास घडला. माझी गिफ्ट पॉलिसी मंजूर.

नियम एकच, पण जालीम: फेडरेशनमधल्या कुणालाही, कुणाकडूनही, काहीही भेट आली तर ती स्वतःकडे ठेवायची नाही. ताबडतोब इंटिग्रिटी ऑफिसरकडे जमा करायची. इंग्लिश ड्राफ्टिंग माझं स्वतःचं. मामांनी वाचलं आणि हसले. परत वाचलं, तेव्हा नाही हसले. मग उठून माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाले की हा मुलगा फार पुढे जाणार.

एकमताने पास. कोर्समध्ये शिकवलं होतं की रिफॉर्मला कडवा विरोध होतो आणि तो कसा हाताळायचा. मी तयारीनिशी गेलो होतो. विरोधच नाही. खरं सांगायचं तर थोडा हिरमोड झाला.

२ मार्च
लोखंडी कपाट आलं. किल्ली एकच. दुसरी अकौंटंट काकांकडे ठेवू का असं विचारलं तर मामा म्हणाले, नको, जबाबदारी वाटली की पातळ होते. किती खोल माणूस.

किल्ली गळ्यात घालायला दोरा शोधतोय. बल्ब राहिला.

११ मार्च
मे महिन्यात वरच्यांच्या अध्यक्षाची निवडणूक. उमेदवार दोन. एक सध्याचे उपाध्यक्ष. कायम हसतात, फोटोत, विमानातून उतरताना, शोकसभेतसुद्धा. मी त्यांचं नाव 'हसरे' ठेवलंय. दुसऱ्या एक रिटायर्ड रेफरी बाई. बाईंचा जाहीरनामा: हिशोब सगळ्यांसमोर मांडणार, आणि दोन टर्मनंतर घरी जाणार. बस. बाईंनी आम्हाला एक ईमेल केला. हसरे विमान घेऊन आले.

भाषण सुंदर झालं. फुटबॉल एक कुटुंब आहे, म्हणाले. मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, बघ, आपण तर आधीपासूनच.

नंतर प्रत्येकाला एक जड पिशवी. घड्याळ, पेन, सेंट, चामड्याची बॅग. आणि खास देशाच्या गोलकीपरसाठी म्हणून ग्लव्ह्ज. मी दारातच उभा राहिलो आणि पॉलिसीची आठवण करून दिली. सगळ्यांनी निमूटपणे पिशव्या माझ्याकडे दिल्या. मामांनी तर सगळ्यात आधी. एकही अपवाद नाही! कपाटाचं दार गुडघ्याने दाबून लावावं लागलं.

हसऱ्यांच्या ऑफिसलाही कळणार आहे की या देशात आता कोण बसलंय.

१३ मार्च
ऑटोमॅटिक घड्याळ पडून राहिलं तर आतलं तेल सुकतं, असं नेटवर वाचलं. फेडरेशनच्या मालमत्तेचं नुकसान मी बघत बसू शकत नाही. एक घड्याळ मनगटावर ठेवलंय. वापर नाही, जतन.

त्यात चंद्रसुद्धा दिसतो. आईने विचारलं हे कुठून आलं. मी म्हटलं ऑफिसचं आहे, निरीक्षणाखाली आहे. ती म्हणाली, चंद्र दिसतोय तर आता सूर्य उगवल्यावर उठ.

२० मार्च
भिंतीचे ग्लव्ह्ज बघितले. तळव्याचा फोम गेलाय, अंगठ्याला चिकटपट्टी. आणि इकडे कपाटात तिच्याच मापाचे नवेकोरे पडलेत, गोलकीपरसाठी म्हणून आलेले. म्हणजे ज्याचं त्याला न देणं, हा उलट अन्यायच की.

पॉलिसीत एक ओळ वाढवली: आवश्यक असल्यास वस्तू चाचणीसाठी बाहेर काढता येईल. ही ओळ मंजूर कोण करतं, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, इंटिग्रिटी ऑफिसर. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की सेंटचीही चाचणी व्हायला हवी खरं तर. मुद्दा बिनतोड होता. आज दुपारपासून आमच्या व्हाउचरनासुद्धा परदेशी वास येतोय.

भिंतीला सांगितलं, ऑफिसकडून ट्रायलला आलेत. तिने घातले, दोन्ही हात एकमेकांवर आपटले आणि जी हसली, ती लहानपणी सायकल मिळाली तेव्हा हसली होती तशी. मग मला म्हणाली, दादा, तू खरंच कामाचा निघालास. 'निघालास' जरा टोचलं. पण ठीक आहे.

४ एप्रिल
मामांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. हसरे आपल्याला टर्फ देणार आहेत. संपूर्ण मैदानाचं! कृत्रिम गवत, मंजुरीसकट, मॅचच्या आधी. मी विचारलं, आणि त्याबदल्यात? मामांना वाईट वाटलं. म्हणाले, कुटुंबात बदल्यात असतं का? फक्त एवढंच, की हसरे माणसं विसरत नाहीत.

मग दुसरा बॉम्ब. मत द्यायला काँग्रेसला, म्हणजे वरच्यांच्या महासभेला, मी जायचं. मामा गेले तर लोक बोटं दाखवतात. तुझ्याकडे कोण बोट दाखवेल, म्हणाले. माझे डोळे भरून आले. चष्मा पुसायचा म्हणून खाली बघितलं तर खुर्चीसकट आडवा झालो. ही पण तसलीच खुर्ची निघाली.

४ एप्रिल, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. मत गुप्त असतं. मी रेफरी बाईंनाच देणार. मामांना कळायचं कारण नाही, हसऱ्यांना तर नाहीच. टर्फही येईल, जगही सुधारेल. एका दगडात दोन पक्षी. असे विचार सुचतात म्हणूनच मला हे पद मिळालं असणार.

बाईंना ईमेल करून विचारलं की तुम्ही निवडून आलात तर आमचं मैदान कधी. अर्ध्या तासात स्वतः उत्तर दिलं. रांगेप्रमाणे, तीन वर्षांत. बाई प्रामाणिक आहेत. नको तितक्या.

१८ मे
काँग्रेस. हॉटेलचे गालिचे इतके जाड आहेत की पावलांचा आवाज येत नाही, त्यामुळे कुणीही कधीही तुमच्या खांद्यावर हात ठेवू शकतं. सकाळपासून बऱ्याच जणांनी ठेवला. सगळ्यांना माझा देश आवडतो. एकाला तो कुठल्या खंडात आहे तेवढं आठवत नव्हतं.

मामांचा फोन. उद्या मतपत्रिका पेटीत टाकायच्या आधी एक फोटो काढ आणि पाठव. म्हणाले, आपलं सगळं पारदर्शक हवं. मला धन्य वाटलं, माझा कोर्स त्यांच्यापर्यंत झिरपला म्हणून. मग लिफ्टमध्ये विचार करायला लागलो, की मत गुप्त आणि फोटो पारदर्शक, हे दोन्ही एकत्र कसं? लिफ्ट तळमजल्यावर आली. समोर आइस्क्रीमचं काउंटर होतं. विचार तिथे थांबवला.

१९ मे
उठल्या उठल्या युक्ती सुचली. पेन्सिल हसऱ्यांच्या चौकोनावर अशी आडवी ठेवायची की फोटोत खूण वाटेल. फोटो काढायचा, मामांना पाठवायचा. मग पेन्सिल उचलून खरी खूण बाईंसमोर. रूमवर हॉटेलच्या मेन्यू कार्डावर प्रॅक्टिस केली. परफेक्ट. सूपसमोर खूण, मागवलं ज्यूस.

१९ मे, दुपारी
बूथमधली पेन्सिल दोरीला बांधलेली होती. दोरी आखूड. पेन्सिल आडवी ठेवली की दोरी ताणायची आणि ती उभी राहायची. तीनदा ठेवली, तीनदा उठली. बाहेर रांगेतले खोकायला लागले.

आजूबाजूच्या बूथांतून कॅमेऱ्यांचे आवाज येत होते, खिच, खिच, लग्नाच्या हॉलमध्ये येतात तसे. एका बूथमधल्या गृहस्थांचा फ्लॅश चालू राहिला होता. पडद्याआड लख्खकन वीज चमकली. सगळा हॉल छताकडे बघायला लागला. निवडणूक अधिकारीही बघत होते. छान छत होतं.

मी बाईंच्या चौकोनावर पेन्सिल नेली. अगदी टेकवली. आणि मला कोपरं दिसली. भिंतीची. मग मला काही सुचलं नाही. त्यामुळे मी म्हणेन की ते मत मी दिलं नाही, कोपरांनी दिलं.

फोटो पाठवला. मामांनी लगेच अंगठा पाठवला.

हसरे निवडून आले. पहिल्याच भाषणात म्हणाले, भ्रष्टाचार खपवून घेणार नाही. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. बाईसुद्धा वाजवत होत्या. बाहेर पडताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाल्या, मैदानाबद्दल विचारणारा तूच ना, बाकी सगळ्यांनी स्वतःबद्दल विचारलं होतं. मी थँक यू म्हटलं. घड्याळ बाहीत सरकवलं. उगाच, थंडी होती.

२६ मे
टर्फ आलं!!! हिरव्यागार गुंडाळ्यांचा ट्रक. गल्लीतली झाडून सगळी माणसं बाहेर. मुलींनी बूट काढून अनवाणी चालून बघितलं. भिंत दिवसभर नुसती पडत होती, डावीकडे, उजवीकडे, कारण नसताना, हौसेने. उठली की कोपर बघायची आणि मला दाखवायची. कोरडं.

कोच मॅडम मात्र वाकून वाकून काहीतरी शोधत होत्या. म्हणाल्या, या टर्फवर आधीच्या रेषा पुसल्याच्या खुणा आहेत आणि शिवणीत कुणाची तरी केसांची क्लिप अडकलीय. मी म्हटलं, म्हणजे अनुभवी टर्फ आहे. नव्या टर्फवर घसरायला होतं म्हणे.

वरच्यांचे इन्स्पेक्टर आले, फोटो काढले, मंजुरी दिली. गेटवर संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर मामांचं नाव मोठं, हसऱ्यांचं त्याहून मोठं. माझं नाही. नसू दे. रात्री जेवताना आईने मला न मागता वाढलं.

३० मे
ऑफिसला पोचलो तर टर्फ गुंडाळून ट्रकमध्ये. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या देशात मंगळवारी इन्स्पेक्शन आहे, घाटात ट्रॅफिक लागतं, सोडा आता. काहीतरी गैरसमज झालाय त्याचा.

मामांना गाठलं. ते म्हणाले, अरे, धुवायला गेलंय. पहिल्या मॅचच्या आधी टर्फ एकदा धुवावं लागतं, कंपनीचा नियम आहे. मला हायसं वाटलं. नवे कपडे नाही का आपण आधी धुतो.

भिंतीला तसंच सांगितलं. तिने विचारलं, कुठे धुतात? मी म्हटलं, त्याची एक प्रोसेस असते. वाळायला किती दिवस लागतात? मी म्हटलं, हवेवर आहे. कोच मॅडम शेजारीच होत्या. त्या वाकल्या आणि दगड गोळा करायला लागल्या. निगेटिव्ह माणसांचं कसं होतं बघा.

६ जून
टर्फ नाही. हवा दमट आहे.

तरीपण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. वरच्यांच्या इंटिग्रिटी विभागाला सणसणीत ईमेल लिहिला: मंजूर झालेलं टर्फ गायब आहे, तातडीने चौकशी व्हावी. एक मिनिटात उत्तर. तुमची तक्रार तुमच्या देशातल्या संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवली आहे.

थोड्या वेळाने माझ्या इनबॉक्समध्ये एक तक्रार आली. उघडली. भाषा कडक होती, मुद्दे गंभीर होते. मी मला उत्तर पाठवलं, की आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे. सिस्टीम चालते, हे एक बरं आहे.

१२ जून
आज जरा गडबड झाली. भिंत ग्लव्ह्ज धुवायला बसली होती. मनगटाचा पट्टा उलटा केला तर आतल्या बाजूला छापलेलं: फुटबॉल एक कुटुंब आहे. आणि शेजारी हसऱ्यांचं हसू, छोटंसं.

ग्लव्ह्ज हातात धरून माझ्यासमोर आली. मत कुणाला दिलंस, विचारलं. मी म्हटलं, मत गुप्त असतं, लोकशाहीचं पहिलं तत्त्व आहे ते. ती म्हणाली, फोनमधला फोटो दाखव. मी म्हटलं, कसला फोटो? ती म्हणाली, मामांनी आईला दाखवलाय, कौतुकाने.

तिने ओले ग्लव्ह्ज जेवणाच्या टेबलावर ठेवले, मिठाच्या बरणीशेजारी, आणि कपाटावरून जुने काढून चिकटपट्टी लावत बसली. आईने पहिल्यांदाच बल्बचा विषय काढला नाही. त्याचंच जास्त टेन्शन आलं.

१९ जून
मामा म्हणतात, उद्या सकाळी येतंय. ट्रक निघाला आहे. मी गेट ऑइल करून घेतलं, करकर नको म्हणून.

२० जून, सकाळी
अजून नाही. पण अशा गोष्टी शेवटच्या क्षणीच होतात. मोठ्या इव्हेंट्सचं असंच असतं. मामांचा फोन लागत नाही, म्हणजे ते ट्रकवाल्याशी बोलत असणार.

२० जून, दुपारी
पाहुण्यांची बस आली. मुली उतरल्या, मैदानाकडे बघून थांबल्या. त्यांच्या कॅप्टनने एक दगड उचलला, बघितला आणि परत जागेवर ठेवला. दुसऱ्याच्या घरात वस्तू हाताळावी तसा, हळूच.

रेफरींनी चक्कर मारली. मी त्यांना गेटवरची मंजुरीची पाटी दाखवली. त्यांनी पाटी वाचली, मैदानाकडे बघितलं, परत पाटी वाचली. मी म्हटलं, टर्फ धुवायला गेलंय. हे वाक्य इंग्लिशमध्ये फार वाईट लागतं.

नियमात असते तेवढी वाट बघितली. कोच मॅडम रेफरींशी भांडल्या, मग विनवलं, मग गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मॅच झाली नाही. अशा वेळी नियमाने स्कोअर धरतात तीन-शून्य. आपल्यावर तीन गोल.

सगळे निघाले तरी भिंत गोलपोस्टमध्येच उभी होती. गुडघ्यात वाकून, हात पसरून, कॉर्नर किक येणार असल्यासारखी. शेवटी पाहुण्यांची गोलकीपर परत आली आणि तिच्याशी हात मिळवला. तेव्हा तिने हात खाली केले.

मी कंपाऊंडपाशी होतो. जाणार होतो तिच्याजवळ. पण मामांचा फोन लागतोय का ते बघत राहिलो.

२८ जून
पाहुण्यांच्या फेडरेशनने तक्रार केली, पेपरात आलं. हसरे खपवून घेणार नाहीतच म्हणाले होते. चौकशी समिती आली. सूट, टाय, बाटलीबंद पाणी स्वतःचं. मी तर खूश. मीच दारात उभा राहून स्वागत केलं. एवढे दिवस मी ज्याची वाट बघत होतो ते हेच.

त्यांनी विचारलं, उमेदवारांकडून कुणाकुणाला भेटी आल्या? मामा म्हणाले, आल्या, पण आमच्याकडे पॉलिसी आहे, सगळं जमा केलं. काका म्हणाले, जमा केलं. ज्याला त्याला विचारलं, जमा केलं. कुणाकडे? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. असं सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघावं ही माझी शाळेपासूनची इच्छा होती.

पॉलिसी वाचून समितीचे प्रमुख म्हणाले, अतिशय उत्तम ड्राफ्ट केली आहे, कुठे पळवाटच नाही. मी थँक यू म्हटलं. किल्ली मागितली. माझ्याच गळ्यात. कपाट उघडलं तर पेनं, बॅगा, घड्याळं धबधब्यासारखी खाली आली. एक घड्याळ कमी भरत होतं. ते मी हात वर करून दाखवलं आणि म्हटलं, हे चाचणीखाली आहे अशी कृपया नोंद घ्या. त्यांनी घेतली.

टर्फचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तो विषय समितीच्या कक्षेत नाही.

५ जुलै
निकाल. पाच वर्षं बंदी. फुटबॉलशी संबंधित कुठल्याही ॲक्टिव्हिटीत भाग घ्यायचा नाही. जगात कुठेही. मला वाटलं होतं माझं नाव जगभर जाईल, ते गेलं.

मामा टीव्हीवर म्हणाले, रक्ताचा असला तरी गय नाही. बोलताना त्यांचा आवाज कापरा झाला, फार छान जमलं ते. संध्याकाळी हसऱ्यांनी त्यांना वरच्यांच्या नीतिमत्ता समितीवर घेतलं. आईने टीव्ही बंद केला आणि मामांच्या लग्नातला फोटो खिळ्यावरून काढून पलंगाखाली ठेवला. मग मला म्हणाली, आता तरी मोकळा आहेस, बल्ब.

लावला. इतक्या महिन्यांत मी हाती घेऊन पूर्ण केलेलं हे एकमेव काम. प्रकाश चांगला पडतो. आरशात जरा जास्तच दिसतं.

९ जुलै
भिंत माझ्याशी बोलत नव्हती. आज बोलली. लॅपटॉप आणून समोर ठेवला. वरच्यांच्या साइटवर तिचं नाव आहे, फोटो आहे, देशाचा झेंडा आहे. खाली रेकॉर्ड: सामने एक, गोल खाल्ले तीन.

"दादा, मी एकही बॉल सोडला नाही," ती म्हणाली. "मला कुणी मारलाच नाही."

मी सांगायला लागलो की याविरुद्ध अपील करता येतं, प्रोसेस असते, ड्राफ्ट मीच... तिने लॅपटॉप मिटला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१० जुलै, सकाळी
कोच मॅडमनी पुढच्या क्वालिफायरची तयारी आजपासूनच सुरू केली आहे. चार वर्षं आहेत म्हणाल्या, वेळ कमी आहे. मंजुरीची पाटी गेटवर तशीच आहे. मुली तिच्यावर ओले मोजे वाळत घालतात.

मी कंपाऊंडच्या बाहेर उभा राहून बघत होतो. बघणं बंदीत येतं का ते माहीत नाही. भिंत डावीकडे पडली, उठली, कोपर झटकलं. माझ्याकडे बघितलं नाही. पण जिथे पडली तिथला एक दगड उचलून तिने कुंपणावरून बाहेर भिरकावला. माझ्या पायाशी पडला. नेम धरून मारला की उगाच, हे तिलाच माहीत. मी तो उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मग एक प्लॅन सुचला. मुली सहाला येतात. मी पाचला जायचं, बादली घेऊन, आणि गोलपोस्टच्या आसपासचे दगड वेचायचे. रोज थोडे. चार वर्षांत एवढी जागा नक्की साफ होईल. यात पॉलिसी नाही, पाटी नाही, कुणाच्या सहीची गरज नाही. घरातली बादली घेऊन ठेवली आहे, आईला अजून सांगितलेलं नाही.

एकच अडचण आहे. मैदानातले दगड वेचणं, हे फुटबॉलशी संबंधित ॲक्टिव्हिटीत धरतात का? बंदीचा आदेश मी दहा वेळा वाचला, पळवाट सापडत नाही. वरच्यांना विचारलं तर ते मामांकडेच पाठवणार. म्हणून डायरी, तुलाच विचारतो, बाकी कुणी उरलेलं नाही. तुला काय वाटतं, जाऊ?